ई-टेम्पोचं चार्जिंग घरी स्वस्त की स्टेशनवर? किलोमीटरमागचा खर्च काढायची पद्धत

पुण्याकडे भोसरी, चाकण, वाघोली, मार्केट यार्ड, कुठल्याही ई-टेम्पोवाल्याला विचारा, उत्तर ठरलेलं असतं: "घरी युनिट दहा रुपये, स्टेशनवर वीस. म्हणजे घरी निम्म्यात काम." या एका वाक्यात चार चुका आहेत. दर सरासरीचा धरलाय, मीटरवरचं युनिट आणि बॅटरीतलं युनिट एकच समजलंय, स्टेशनच्या दरात जीएसटी नाही, आणि गाडी स्टेशनवर उभी असताना बुडालेल्या भाड्याचं नावच नाही. मीही सुरुवातीचे चार महिने वहीत हेच लिहीत होतो. मग उन्हाळ्यातलं लाईट बिल हातात पडलं आणि वही पहिल्या पानापासून परत लिहावी लागली.

खालची पद्धत छोट्या चारचाकी ई-टेम्पोसाठी आहे. उदाहरणाला २१.३ युनिटची बॅटरी घेतली आहे. टाटा एस ईव्ही पहिल्यांदा बाजारात आली तेव्हा तिला हीच होती. रुपयांचे दर मी समजायला सोपे असे धरलेत. वीज नियामक आयोगाच्या आदेशाने ते बदलत राहतात, त्यामुळे तिथे तुमच्या बिलावरचे आणि तुमच्या पावतीवरचे आकडे टाका. क्रम मात्र बदलू नका, कारण प्रत्येक टप्प्याचं उत्तर पुढच्या टप्प्यात लागतं.

टप्पा १: आधी सामान जमवा

सुरुवातीला एवढं हवं:

- गेल्या बारा महिन्यांची लाईट बिलं. एकाच महिन्याचं चालणार नाही. मे आणि डिसेंबरच्या बिलांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.
- चार्जिंगच्या लाईनवर स्वतंत्र सब-मीटर. वायरमन तो डीबीतल्या (वीज वाटपाच्या पेटीतल्या) पट्टीवर तासाभरात बसवून देतो.
- स्टेशनवरच्या किमान पाच चार्जिंगच्या पावत्या. चार्जिंग ॲपच्या वॉलेटमध्ये भरलेल्या रकमेचा एसएमएस ही पावती नव्हे.
- रोजचं ओडोमीटर लिहायला एक वही. ड्रायव्हर लिहीत नसेल तर त्याला सकाळ-संध्याकाळ डॅशबोर्डचा फोटो पाठवायला सांगा.

सब-मीटर लावताना सॉकेटही उघडून बघा. आमच्या शेडमध्ये गाडी दोन महिने साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर लागत होती. चार्जिंग रोज व्हायचं, तक्रार काहीच नव्हती. सब-मीटर बसवायला वायरमनने प्लेट उघडली, तर मागचं प्लॅस्टिक चहाच्या रंगाचं झालेलं आणि न्यूट्रलच्या वायरीचं इन्सुलेशन बोटाने सोलून निघत होतं. मिक्सर पाच मिनिटं चालतो, गीझर वीस मिनिटं. टेम्पो मात्र सलग सात तास जवळजवळ पूर्ण भार ओढतो.

सावध: एक्स्टेंशन बोर्डवरून गाडी कधीही लावू नका. मीटरपासून स्वतंत्र तांब्याची वायर, तिला स्वतःचा एमसीबी (भार जास्त झाला की पडणारा स्विच), सोबत आरसीसीबी (वीज गळली की पडणारा स्विच) आणि खात्रीचं अर्थिंग हवं. पावसाळ्यात सॉकेट पत्र्याच्या वळचणीखाली येत नाही ना, तेही बघा.

तपासा: चार्जिंग सुरू करून तासाभराने प्लगच्या बाहेरच्या बाजूवर हात ठेवा. कोमट लागला तर ठीक. हात काढून घ्यावासा वाटला तर चार्जिंग बंद करा, वायरमनला बोलवा, हिशेब नंतर.

टप्पा २: फुल टू फुल मोजा

डिझेलच्या गाडीचं ॲव्हरेज टाकी फुल करून पुन्हा टाकी फुल होईपर्यंत काढायचो, तसंच इथेही काढायचं. कंपनीच्या कागदावरची रेंज या हिशेबात आणू नका. ती चाचणीतली असते. तुमच्या गाडीत पाचशे किलो माल असतो आणि वाटेत कात्रजचा चढ असतो.

सोमवारी सकाळी बॅटरी १०० टक्के असताना ओडोमीटर आणि सब-मीटर लिहून घ्या. आठवडाभर फक्त घरी किंवा शेडमध्ये चार्ज करा. शनिवारी रात्री पुन्हा १०० टक्के झाल्यावर दोन्ही आकडे लिहा. माझ्या एका आठवड्याचे आकडे असे: ४८६ किलोमीटर, ११२ युनिट. म्हणजे किलोमीटरमागे ०.२३ युनिट.

मधल्याच टक्क्यांवर, म्हणजे ६२ वरून ४० वर, मोजायचा मोह आवरा. छोट्या टेम्पोंत बहुधा एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी असते आणि तिच्या मधल्या टप्प्यात व्होल्टेज फारसं हलत नाही, त्यामुळे स्क्रीनवरचा टक्का अंदाजाने चालतो. पूर्ण भरल्यावर तो ताळ्यावर येतो. याच कारणासाठी अशा बॅटऱ्या अधूनमधून १०० टक्के भराव्या लागतात.

आता नुकसानीचा आकडा. भिंतीतून निघालेली सगळी वीज बॅटरीत पोचत नाही. गाडीतला चार्जर भिंतीतल्या एसी विजेचं बॅटरीला लागणाऱ्या डीसीत रूपांतर करतो, त्यात काही वीज उष्णता होऊन जाते. म्हणून घरच्या मीटरवरची १०० युनिटं बॅटरीत साधारण ८८ धरा. स्टेशनवर एसीचं डीसी करायचं काम बाहेरचं मशीन करतं. तुमच्याकडून पैसे कुठल्या युनिटांचे घेतात ते पावतीवरून काढायचं: गाडी २८ वरून ८२ टक्क्यांवर गेली, म्हणजे ५४ टक्के, म्हणजे २१.३ मधली साडेअकरा युनिटं. पावतीवर १२.१ असतील तर प्रमाण ०.९५. एका चार्जिंगवरून ठरवू नका, टक्क्याचा भरवसा नाही हे वर सांगितलंच आहे. पाचही वेळची बॅटरीतली युनिटं मिळवा आणि पावत्यांवरच्या युनिटांच्या बेरजेने भागा.

तपासा: पाच पावत्यांचं प्रमाण ०.८५ च्या खाली आलं तर एक तर बॅटरीची क्षमता चुकीची धरली आहे, नाही तर मशीनच्या मोजणीत गडबड आहे. दुसऱ्या स्टेशनवर पुन्हा मोजा.

टप्पा ३: घरच्या बिलातला वरचा थर शोधा

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून इथे घाई नको.

महावितरणच्या घरगुती बिलात युनिटांचे थर असतात: १०० पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर. वरचा थर खालच्यापेक्षा महाग. घरचे दिवे, फ्रिज, पंप यांनी खालचे थर आधीच खाल्लेले असतात. टेम्पोची युनिटं त्यांच्या डोक्यावर बसतात, आणि तिथला दर सरासरीपेक्षा कितीतरी जास्त असतो. त्यामुळे बिलाची रक्कम भागिले युनिट करून आलेला दर टेम्पोला लावणं चूक आहे.

शिवाय बिलावर एकच दर नसतो. वीज आकार, वहन आकार आणि इंधन समायोजन आकार या तिन्हींची युनिटमागची बेरीज करा. वर वीज शुल्क लागतं. घरगुती जोडणीला ते १६ टक्के आहे. स्थिर आकार टेम्पो नसतानाही भरत होतात, त्यामुळे तो टेम्पोच्या माथी मारू नका. मात्र टेम्पोसाठी मंजूर भार वाढवला असेल आणि त्यामुळे स्थिर आकार वाढला असेल, तर वाढलेला फरक टेम्पोचा.

आता उदाहरण. घराचा वापर महिन्याला १८० युनिट. टेम्पो २६ दिवस, रोज ८० किलोमीटर, म्हणजे महिन्याला २,०८० किलोमीटर. टप्पा २ मधले मीटरवरचे ०.२३ गुणिले ०.८८, म्हणजे किलोमीटरला बॅटरीतून साधारण ०.२ युनिट जातं, म्हणजे ४१६ युनिट. मीटरवर ते ०.८८ ने भागून ४७३. शुल्काआधीचे सगळे आकार मिळून थरांचे दर अनुक्रमे ६, १२, १६ आणि १८ रुपये धरू.

- १८१ ते ३००: १२० युनिट, १,४४० रुपये
- ३०१ ते ५००: २०० युनिट, ३,२०० रुपये
- ५०० च्या वर: १५३ युनिट, २,७५४ रुपये

बेरीज ७,३९४. त्यावर १६ टक्के शुल्क धरून ८,५७७ रुपये. एका युनिटला १८ रुपये १३ पैसे पडले, किलोमीटरला ४ रुपये १२ पैसे.

या उदाहरणातला टेम्पोवाला टेम्पोआधीच्या जुन्या बिलावरून १,८१० रुपये भागिले १८० करतो, त्याला दहा रुपये दर दिसतो आणि तो किलोमीटरला सव्वादोन रुपये सांगत गावभर फिरतो. "घरी निम्म्यात" हे वाक्य इथूनच निघतं.

सावध: रात्रीची वीज स्वस्त असं कुणी सांगितलं तर त्याला आधी त्याचं बिल मागा. रात्री १० ते सकाळी ६ ची जुनी सवलत कारखान्यांच्या बिलात असायची, घरगुती बिलात नव्हती. आता सवलतीचा रोख दिवसाच्या सौर तासांवर, सकाळी ९ ते संध्याकाळी ५ वर आला आहे, आणि घरगुती ग्राहकाला त्यासाठी स्मार्ट मीटर लागतो. दिवसभर भाड्यावर असणाऱ्या टेम्पोला तिचा उपयोग नाही. पहाटे भाजीची फेरी मारून अकराला घरी येणाऱ्याला मात्र आहे. त्याने दुपारीच गाडी लावावी.

गाळ्याच्या किंवा दुकानाच्या मीटरवर गाडी लावत असाल तर हीच कृती त्या बिलावर करा. तिथले थर वेगळे, वीज शुल्काचा टक्काही वेगळा.

टप्पा ४: स्वतंत्र ईव्ही जोडणीचा भाव काढा

स्वतःच्या जागेत स्वतःची गाडी चार्ज केली तर त्या जागेच्या मीटरचाच दर लागतो, घरगुतीला घरगुती. हा नियम बऱ्याच जणांना माहीत असतो आणि ते तिथेच थांबतात. पण चार्जिंगसाठी वेगळी जोडणीही मागता येते. वीज ग्राहक हक्क नियमांत २०२४ साली झालेल्या दुरुस्तीने ते स्पष्ट झालं. ईव्ही वर्गवारीच्या दरात घरगुतीसारखे चढते थर नाहीत, आणि टेम्पोवाल्याला खरा फायदा तिथे आहे.

धरू की सगळं मिळून युनिट साडेनऊ रुपये आणि स्थिर किंवा मागणी आकार महिन्याला ४००. मग ४७३ युनिटांचे ४,४९४ अधिक ४००, एकूण ४,८९४. नवी वायर, मीटरची पेटी, अर्थिंग आणि जोडणीचा खर्च ३०,००० धरला आणि पाच वर्षांत वाटला, तर महिन्याला ५०० आणखी. बेरीज ५,३९४, किलोमीटरला २ रुपये ५९ पैसे. घरच्या मीटरवरच्या सॉकेट-वायरिंगचेही असेच १२,००० धरून महिन्याला २०० मिळवा, म्हणजे तुलना बरोबरीची होते: तो आकडा ४ रुपये २२ पैसे होतो.

अर्ज करताना लोक हमखास दोन चुका करतात. एक, भार फुगवून मागतात. "पुढे दुसरी गाडी घेऊ" म्हणून १० किलोवॉट मागितले, तर दुसरी गाडी येईपर्यंत वाढीव आकार भरत बसायचं. एका टेम्पोचा गाडीतला चार्जर साडेतीन किलोवॉटच्या आसपास ओढतो. दोन, जागा भाड्याची असेल तर मालकाची लेखी संमती आधी घेत नाहीत आणि मग अर्ज टेबलावर पडून राहतो. सोसायटीत राहत असाल तर पार्किंगमधून वायर कुठून न्यायची ते कमिटीशी बोलून कागदावर घ्या. तोंडी "हो, हो" पुढची कमिटी मानत नाही.

टप्पा ५: स्टेशनचा पूर्ण भाव लिहा

वीज जीएसटीमुक्त आहे, चार्जिंगची सेवा नाही. तिच्यावर १८ टक्के जीएसटी आहे. ॲपमध्ये दिसणारा दर करासह आहे की कर सोडून, हे पावती उघडल्याशिवाय कळत नाही. १८ रुपयांचा दर करासह २१ रुपये २४ पैसे होतो.

बॅटरीत ४१६ युनिट घालायला, ०.९५ च्या प्रमाणाने, ४३८ युनिटांचे पैसे द्यावे लागतात: ९,३०३ रुपये.

आता रिकामी फेरी. स्टेशन तुमच्या वाटेवर नसून तीन किलोमीटर आत असेल तर जाऊन-येऊन सहा, २६ दिवसांत १५६ किलोमीटर. त्यालाही वीज लागते, साधारण ३३ युनिटं, ७०१ रुपये. बेरीज १०,००४. ही भागताना भाड्याचे २,०८० किलोमीटरच घ्या, रिकामे मिळवू नका. उत्तर ४ रुपये ८१ पैसे.

मग वेळ. वेळेला घड्याळाने भाव लावू नका, बुडालेल्या भाड्याने लावा. हमाल माल भरत असताना शेजारच्या मशीनवर गाडी लागली असेल तर वेळेचा खर्च शून्य. रांगेत थांबल्यामुळे आठवड्याला ७०० रुपयांचं एक भाडं सुटत असेल तर महिन्याला २,८००, आणि किलोमीटरचा आकडा ६ रुपये १६ पैशांवर जातो. ड्रायव्हरला विचाराल तर तो "दहा मिनिटं लागली" म्हणेल. पावतीवर सुरू आणि बंद झाल्याची वेळ असते, ती बघा.

जायच्या आधी बघायच्या गोष्टी:

- कनेक्टर, म्हणजे गाडीत लागणारा प्लग, सीसीएस-२ प्रकारचा आहे का. जुन्या मशीनवर दुसरा असू शकतो.
- मशीन मॉलच्या तळघरात किंवा हॉटेलच्या पार्किंगमध्ये असेल तर कंटेनर बॉडीची उंची आत बसते का, आणि मालवाहू गाडीला आत सोडतात का. नकाशावर हिरवा ठिपका दिसतो, वॉचमन दिसत नाही.
- चार्जिंग संपल्यावर गाडी उभी राहिली तर दंड लागतो का.
- वॉलेटमध्ये किमान किती भरावे लागतात. एकदा माझे पैसे एका ॲपमध्ये तीन आठवडे अडकले, कारण चार्जिंग मध्येच तुटलं आणि परतावा येता येईना. तेव्हापासून मी ८०० च्या वर भरत नाही.

सावध: साधारण ८० टक्क्यांनंतर फास्ट चार्जिंगचा वेग पडतो. शेवटच्या वीस टक्क्यांसाठी स्टेशनवर बसून राहणं म्हणजे भाडं सोडून वीज प्यायची. ते घरी रात्री होऊ द्या.

टप्पा ६: बॅटरीतल्या युनिटाच्या भावावर तुलना करा

किलोमीटरचे आकडे महिन्याचा अंदाज सांगतात. "आज कुठे लावू?" याचं उत्तर मात्र बॅटरीत पडलेल्या एका युनिटाच्या भावावर मिळतं. दर, अधिक शुल्क किंवा कर, भागिले टप्पा २ मधलं प्रमाण:

- घर, १०१ ते ३०० चा थर: १५ रुपये ८२ पैसे
- घर, ३०१ ते ५०० चा थर: २१ रुपये ९ पैसे
- घर, ५०० च्या वर: २३ रुपये ७३ पैसे
- स्टेशन, करासह: २२ रुपये ३६ पैसे
- स्वतंत्र ईव्ही जोडणी, साडेनऊच्या दराने: १० रुपये ८० पैसे

चौथ्या ओळीतला भाव तिसरीतल्यापेक्षा कमी आहे. म्हणजे या घरात महिन्याच्या शेवटी मीटर ५०० ओलांडून गेला की वाटेवरचं स्टेशन घरापेक्षा स्वस्त पडतं. अट एवढीच की ते खरंच वाटेवर असावं आणि गाडी तिथे फुकट उभी राहू नये. पहिल्या वीस दिवसांत उलट, घरच बरं. तेव्हा घरगुती मीटरवर टेम्पो चालवणाऱ्याने दर रविवारी मीटरचं रीडिंग बघावं आणि बिलाच्या तारखेपासून किती युनिटं झाली ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहावं. आमच्या घरी हे काम आई करते. तिचा पेन दुधाच्या हिशेबाशेजारीच लटकलेला असतो, त्यामुळे विसर पडत नाही.

महिन्याला दीड हजार किलोमीटरच्या वर गाडी धावत असेल तर माझ्या मते हा खेळ खेळत बसू नये, सरळ स्वतंत्र जोडणीचा अर्ज करावा. कमी धावत असेल आणि घरचा वापर शंभर-सव्वाशे युनिटांत भागत असेल, तर घरचा मीटर पुरतो.

मोठ्या ट्रकसाठी

शंभर-दोनशे युनिटांच्या बॅटरीचा ट्रक घरी लावायचा प्रश्नच नाही. तिथे तुलना डेपो आणि स्टेशन यांच्यात होते. डेपोच्या बिलात युनिटाच्या दराआधी मागणी आकार बघा. तो केव्हीएवर, म्हणजे एका वेळी ओढलेल्या जास्तीत जास्त भारावर लागतो. ६० किलोवॉटचं मशीन दिवसाला एक तास चाललं तरी आकार महिनाभराचा. त्यामुळे पहिला प्रश्न दराचा नसून मशीन रोज किती तास चालेल याचा. दोन ट्रक एकदम लावण्याऐवजी पाठोपाठ लावले तर मागणी निम्म्यावर येते, आणि त्याला फक्त रात्रपाळीचा एक जागा माणूस लागतो.

टप्पा ७: पुन्हा कधी मोजायचं

नवा दर आदेश लागू झाला की टप्पा ३ आणि ४. नवा ग्राहक मिळून रूट बदलला की टप्पा ५. टायर बदलले किंवा बॉडी उंच केली की टप्पा २.

पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद ठेवायची पद्धत आहे. तुमच्या फीडरवर (भागाच्या वीजवाहिनीवर) ते होत असेल तर बुधवारी रात्रीच गाडी फुल करा. नाही तर गुरुवारची दुपार स्टेशनच्या रांगेत जाते, आणि ते चार्जिंग तुलनेत धरायचं की अपवाद म्हणून सोडायचं, यावर महिनाअखेरीला वाद होतो. धरायचंच. तेही पैसे खिशातूनच गेलेत.

आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कूलर माळ्यावरून खाली काढाल त्या दिवशी टप्पा ३ नव्याने करा. घराचं १८० चं २६० झालं की टेम्पोच्या वाट्याला १०१ ते ३०० च्या थरातली चाळीसच युनिटं उरतात.